रिमोटचे विमान : रेडिओ-संच कसा जुळवावा?

एखाद्या विद्यार्थ्याने थर्माकोलचे विमान तयार केले, त्याला मोटर बसवली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, मित्राकडे एक रिमोट पडून आहे. तो या विमानाला चालेल का?" दुकानात विचारले तर उत्तर येते, "२.४ गिगाहर्ट्झचा आहे ना? मग चालेल." हे उत्तर अर्धवट आहे, आणि अर्धवट उत्तराची किंमत येथे मोठी असते. १ किलोग्रॅमचे विमान सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ११२ ज्यूल भरते. १ किलोचा दगड तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडला तर तो साधारण एवढ्याच ऊर्जेने जमिनीवर आदळतो. असे विमान ताब्यातून सुटले आणि मैदानात मुले असतील, तर काय होईल हे सांगायला नको.

म्हणून रेडिओ-संचाचे भाग एकमेकांशी जुळतात म्हणजे नेमके काय जुळते, हे आपण या लेखात पाहू. उदाहरणासाठी आम्ही १ किलो वजनाचे, विजेच्या मोटरवर उडणारे, शिकाऊ विमान घेतले आहे.

संचातील भाग

आपल्या हातात असतो तो ट्रान्समीटर. त्यालाच आपण रिमोट म्हणतो. विमानात रिसीव्हर असतो. रिसीव्हरला सर्व्हो जोडलेले असतात. सर्व्हो म्हणजे दात्यांची चाके असलेली छोटी मोटर; ती सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून तेथेच थांबते. पंखांवरील पट्ट्या (एलेरॉन), शेपटीवरची आडवी पट्टी (एलेव्हेटर) व उभी पट्टी (रडर) हे सर्व्हो हलवतात. पंख्याच्या मोटरचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर वेगळा असतो. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर आणि मोटरचा वेग अशा चार आज्ञांसाठी किमान चार चॅनेल लागतात. पुढे काही वाढवायचे असेल तर सहा चॅनेलचा संच घ्यावा.

पहिली जुळणी : वारंवारता

१९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचे रेडिओ-नियंत्रित विमान उडवले. त्यांनी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही घरीच बांधले होते, त्यामुळे जुळणीचा प्रश्नच नव्हता. पुढे तयार संच विकले जाऊ लागले आणि तो प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ व युरोपात ३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे मॉडेल विमानांसाठी राखून ठेवले गेले. पट्ट्याचे बारीक भाग पाडून त्यांना क्रमांक दिले जात. ट्रान्समीटर व रिसीव्हर या दोहोंत त्याच क्रमांकाचा स्फटिक बसवावा लागे.

मैदानावर दोघांनी एकाच क्रमांकाचे ट्रान्समीटर चालू केले की दोन्ही विमानांना गोंधळाच्या आज्ञा मिळत आणि ती कोसळत. यावर उपाय साधा होता. मैदानावर एक फळी ठेवलेली असे आणि तिच्यावर प्रत्येक क्रमांकाचा एकच चिमटा असे. तो चिमटा ज्याच्याकडे, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा.

२००५च्या सुमारास या छंदासाठी २.४ गिगाहर्ट्झचे संच बाजारात आले. हे संच एकाच ठिकाणी अडून न राहता पट्ट्यातील वारंवारता सतत बदलत राहतात, किंवा संदेश रुंद पट्ट्यावर पसरवतात. त्यामुळे अनेक विमाने एकाच वेळी उडवता येतात आणि चिमट्यांची गरज उरली नाही. भारतातही २००५ साली या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली.

येथे वर्गात एक गणित घालता येईल. प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता म्हणजे तरंगलांबी. ३५ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ८.६ मीटर येते, २.४ गिगाहर्ट्झसाठी १२.५ सेंटिमीटर. जुन्या विमानांच्या मागे लांब तार का लोंबत असे आणि आजच्या रिसीव्हरच्या अँटेनाचे उघडे टोक जेमतेम ३ सेंटिमीटरचे का असते, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच काढतील. १२.५ सेंटिमीटरचा चौथा भाग किती होतो, एवढेच त्यांना विचारावे.

दुसरी जुळणी : भाषा

आता दुकानदाराच्या उत्तरातील उणीव लक्षात येईल. दोन माणसे एकाच आवाजात बोलत असली, पण एक तमिळ आणि दुसरा पंजाबी बोलत असेल, तर संवाद होत नाही. जुन्या काळीही हे होते. एकाच ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही कंपन्या संदेश देताना वारंवारता किंचित वाढवत, तर काही कमी करत. स्फटिकाचा क्रमांक एकच असूनही एकाचा रिसीव्हर दुसऱ्याला दाद देत नसे.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये हा भेद वाढला. स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फुटाबाची फास्ट, फ्लायस्कायची एएफएचडीएस-२ए अशा प्रत्येकाच्या स्वतंत्र भाषा आहेत. एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या भाषांची नावे तर इतकी सारखी असतात की फसगत होते. म्हणून कंपनीचे नाव जुळले एवढ्यावर न थांबता भाषेचे पूर्ण नाव दोन्ही खोक्यांवर वाचावे. अनेक भाषा बोलणारे ट्रान्समीटरही मिळतात. एक्स्प्रेस-एलआरएस ही खुली भाषा वेगवेगळ्या कंपन्या वापरतात. मात्र तिचीही मुख्य आवृत्ती दोन्हीकडे एकच लागते आणि वारंवारतेचा पट्टाही तोच लागतो.

भाषा जुळली की 'बाइंडिंग' करतात. रिसीव्हर त्या ट्रान्समीटरचा ओळख क्रमांक लक्षात ठेवतो आणि इतरांच्या आज्ञा मानत नाही.

तिसरी जुळणी : रिसीव्हर आणि सर्व्हो

येथे मात्र दिलासा आहे. सर्व्होंची भाषा जवळजवळ सर्वत्र एकच आहे. सेकंदाला सुमारे ५० वेळा एक विद्युत स्पंद येतो. तो १.५ मिलिसेकंद टिकला तर सर्व्हो मध्यावर, १ मिलिसेकंद टिकला तर एका टोकाला आणि २ मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकाला जातो. म्हणूनच एका कंपनीचा सर्व्हो दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरला चालतो.

तरी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, तारांचा क्रम. आजच्या प्लगमध्ये धन तार मध्ये असते, पण काही जुन्या सर्व्होंत क्रम वेगळा असे. असा सर्व्हो तसाच जोडला तर जळू शकतो. दोन, काही चिमुकल्या रिसीव्हरमधून सर्व चॅनेलचे संदेश एकाच तारेतून बाहेर पडतात. ते ड्रोनच्या नियंत्रक पाटीसाठी असतात. त्यांना सर्व्हो थेट जोडता येत नाहीत. तीन, चॅनेलचा क्रम. काही कंपन्या मोटरला तिसरा क्रमांक देतात, काही पहिला. चुकीच्या जागी जोडणी झाली तर पंख्याची मोटर अचानक फिरू लागेल. म्हणून टेबलावरची प्रत्येक चाचणी पंखा काढूनच करावी.

चौथी जुळणी : वीज

रेडिओ बिघडला असे वाटते, तेव्हा दोष पुष्कळदा विजेत सापडतो. आपल्या विमानाला २०० वॅटची मोटर आहे असे समजू. तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचे विभवांतर ११.१ व्होल्ट. २०० ला ११.१ ने भागले की १८ अँपिअर मिळतात. थोडी मोकळीक ठेवून ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर घ्यावा.

हाच कंट्रोलर रिसीव्हर व सर्व्होंना ५ व्होल्ट पुरवतो. सर्व्हो अडकला तर तो समजा ०.७ अँपिअर घेतो. चार सर्व्हो एकदम अडले तर २.८ अँपिअर लागतील. कंट्रोलर २ अँपिअरच देऊ शकत असेल तर विभवांतर कोसळते, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि विमान हवेत निराधार होते. त्यातच पुरवठा जुन्या 'लिनिअर' पद्धतीचा असेल तर उरलेले ६.१ व्होल्ट उष्णतेत जातात. २ अँपिअरला ही उष्णता १२ वॅट होते. छोटा कंट्रोलर चांगलाच तापतो. 'स्विचिंग' पद्धतीचा, ३ अँपिअर किंवा अधिक देणारा कंट्रोलर येथे योग्य.

पाचवी जुळणी : हात

'मोड २' च्या ट्रान्समीटरमध्ये मोटरचा वेग व रडर डाव्या दांडीवर, एलेव्हेटर व एलेरॉन उजव्या दांडीवर असतात. 'मोड १' मध्ये वेग व एलेरॉन उजवीकडे, तर एलेव्हेटर व रडर डावीकडे असतात. शिकवणारा आणि शिकणारा यांचा मोड एकच हवा. संकटाच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. हात सवयीनेच चालतो.

उडवण्यापूर्वी

खालील चाचण्या जमिनीवरच कराव्यात.

१. ट्रान्समीटर नेहमी आधी चालू करावा आणि शेवटी बंद करावा.

२. पंखा काढून मोटर हळू फिरवावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबलीच पाहिजे. याला 'फेलसेफ' म्हणतात. मोटर फिरतच राहिली तर ते विमान उडवू नये.

३. ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून, पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावरून सर्व्हो नीट हलतात का ते पाहावे.

४. रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात. बॅटरी, धातू व कार्बन फायबर यांपासून त्या दूर असाव्यात.

५. सगळ्या पट्ट्या एकदम हलवून पाहाव्यात. रिसीव्हरचा दिवा विझला तर वीज अपुरी आहे.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले. विमानतळाजवळच्या शाळांनी मैदान ठरवण्याआधी नकाशा व सध्याचे नियम अवश्य पाहावेत. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत विमानांचे मॉडेल बनवणे शिकवले जाते. जवळपास अशी तुकडी असेल तर पहिले उड्डाण जाणत्या माणसाच्या हातून करून घ्यावे.

मित्राकडचा तो रिमोट चालेल का, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण विद्यार्थ्याला पाच प्रश्न देता येतात : पट्टा कोणता, भाषा कोणती, तारा कशा, वीज किती आणि मोड कोणता? पाचही उत्तरे त्याने स्वतः शोधून वहीत लिहून आणली, तर रिमोट चालेल की नाही हे आपल्याला सांगावेच लागणार नाही.