क्रौंचांचे सरोवर

युरोपच्या उत्तरेस स्वीडन नावाचा देश आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. मार्च महिना सरत आला की बर्फ वितळू लागते. परंतु झाडांना पालवी फुटण्यापूर्वीच वसंताची वार्ता पक्षी घेऊन येतात. चंडोल गाऊ लागतो, ओल्या कुरणांवर टिटवीच्या कुळातील पक्षी दिसू लागतात आणि शुभ्र हंस मोकळ्या झालेल्या पाण्यात उतरतात. मग एके दिवशी आकाशातून तुतारीसारखा नाद ऐकू येतो. क्रौंच पक्षी आलेले असतात!

स्वीडनच्या दक्षिण भागात वेनर्न व वेटर्न ही दोन विस्तीर्ण सरोवरे आहेत. त्यांच्या मधल्या प्रदेशात हॉर्नबोर्गा नावाचे एक उथळ सरोवर आहे. हिवाळ्यात स्पेनसारख्या उबदार देशांत राहिलेले क्रौंच घरटी करण्यासाठी उत्तरेकडील दलदलींकडे निघतात. त्या दूरच्या वाटेवर हे सरोवर म्हणजे त्यांची जणू धर्मशाळाच होय!

क्रौंच हा करड्या रंगाचा, उंच पायांचा व लांब मानेचा पक्षी आहे. त्याच्या डोक्यावर तांबडा ठिपका असतो. पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरांहून अधिक भरते. त्याची श्वासनलिका लांब व वेटोळी असल्यामुळे त्याचा आवाज फार दूरवर पोहोचतो. याच जातीचे काही क्रौंच मध्य आशिया व सायबेरियातून हिवाळ्यात आपल्या गुजरात-राजस्थानातही येतात.

हॉर्नबोर्गाच्या काठी क्रौंच दिवसभर शेतांत दाणे टिपतात. मधूनच ते नाचू लागतात. पंख पसरून ते उड्या मारतात, माना लववतात आणि गवताच्या काड्या उंच फेकतात. रात्री मात्र ते उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. एखादा कोल्हा चालून आला, तर पाण्याच्या आवाजाने त्यांना त्याची चाहूल लागते. सायंकाळी ते पाण्याकडे परतू लागले की निरीक्षक त्यांचे थवे मोजतात. एप्रिलमधील एखाद्या सायंकाळी ही संख्या २०,००० च्याही वर जाते.

असे हे सरोवर एके काळी जवळजवळ नष्ट झाले होते. शेतीला अधिक जमीन मिळावी म्हणून १८०२ पासून १९३३ पर्यंत माणसांनी पाच वेळा कालवे खणून त्याचे पाणी उतरवले. परंतु इच्छिलेले फळ मिळाले नाही. ती जमीन दर वसंतात पुराच्या पाण्याखाली जाई, म्हणून तेथे पीक नीट येईना. उलट सर्वत्र बोरू आणि झुडपे माजली. मोकळे पाणी नाहीसे झाल्यामुळे अनेक पाणपक्ष्यांचा आसरा तुटला.

अखेर आपली चूक लोकांच्या ध्यानी आली. त्यांनी बोरू उपटला, झुडपे तोडली आणि १९९२ ते १९९५ या काळात सरोवराची पातळी पुन्हा वाढवली. पाणी आले, तसे पक्षीही परतले. पूर्वी क्रौंच जवळच्या शेतांत काढणीनंतर राहिलेले बटाटे खात असत. बटाट्याची ती शेती बंद झाल्यावर त्यांच्यासाठी जवाचे दाणे टाकण्यात येऊ लागले. त्यामुळे पक्ष्यांची भूक भागते आणि शेतकऱ्यांच्या नव्या पेरणीचेही रक्षण होते.

मुलांनो, कालवा खणून पाणी वाहून नेणे माणसाला साधले. पण गेलेले सरोवर परत आणण्यासाठी पुढच्या पिढ्यांना पुष्कळ कष्ट करावे लागले. आपल्या गावाजवळचे तळे किंवा पाणथळ जागा ओसाड दिसली, तरी ती निरुपयोगी समजू नका. कोणा दूरच्या प्रवाशाने आपल्या वाटेवरचा मुक्काम म्हणून ती निवडलेली असेल.