औषध एकाने नव्हे, दोघांनी घ्यावे

भातलावणी उरकल्यावर तिशीतील एक बाई दवाखान्यात आली. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, अशी तक्रार. "डॉक्टर, दोनदा औषध झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, परत तेच." मालकांना घेऊन या, म्हटल्यावर ती गप्प झाली.

चार दिवसांनी तो एकटाच आला, दवाखाना बंद होण्याच्या वेळेला. काही महिन्यांपूर्वी त्याला लघवीला जळजळ होऊन पू जात होता. मेडिकलमधून तीन गोळ्या घेतल्या, जळजळ थांबली, विषय संपला असे त्याला वाटले. आजार मात्र अंगात राहिला होता. बायको औषधाने बरी होई आणि त्याच्याकडून तिला पुन्हा लागण होई.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. शंभरात ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात अवघ्या ८!

लक्षणे कशी ओळखावीत? संबंधानंतर बहुधा दोन ते पाच दिवसांत लघवीला जळजळ होऊन पू जाऊ लागला, तर तो परमा असू शकतो. क्लॅमिडिया हा आजारही त्याच्या जोडीने आढळतो. स्त्रियांमध्ये या दोन्हींची लक्षणे अनेकदा दिसतच नाहीत, आणि उपचार न झाल्यास पुढे वंध्यत्व येऊ शकते. जननेंद्रियावर न दुखणारी जखम झाली, तर उपदंशाचा म्हणजे गरमीचा संशय घ्यावा. ही जखम काही आठवड्यांत आपोआप भरते, पण रोग शरीरात राहतो आणि गर्भवतीकडून बाळालाही होतो. रक्ताची व्हीडीआरएल तपासणी सुरुवातीला निर्दोष येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. दुखणारे बारीक फोड बहुधा हर्पिसचे असतात. औषधाने त्रास कमी होतो, मात्र ते पुन्हा उठू शकतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी लैंगिक आजार नव्हे. साध्या बुरशीनेही ते होते. तेव्हा तपासणीआधी घरात संशयाचे भांडण नको.

परम्यावर एके काळी पेनिसिलिन लागू पडे, नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन. आज या दोन्हींचा भरवसा राहिलेला नाही. म्हणूनच दुकानातून मागून घेतलेल्या गोळ्या फसतात. उपदंशावर मात्र पेनिसिलिनचे इंजेक्शन आजही उत्तम लागू पडते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांनुसार औषधांची रंगीत पाकिटे मोफत मिळतात. तपासणीच्या अहवालासाठी थांबावे लागत नाही, त्याच दिवशी उपचार सुरू होतो.

उपचाराचे नियम सोपे आहेत. डॉक्टरांनी दिलेला डोस पूर्ण घ्यावा. डॉक्टर सांगतील तेव्हा जोडीदारानेही त्याच वेळी औषध घ्यावे. दोघांचे औषध पूर्ण होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध टाळावा. पुढे निरोध वापरावा. एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी, ती सरकारी केंद्रात मोफत होते. दवाखान्यात यायचा संकोच वाटला, तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.

एस.टी. स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग गॅरंटीने बरे' अशा जाहिराती आपण पाहतो. गॅरंटी कोणताही डॉक्टर देत नाही. आम्ही तपासतो, औषध देतो आणि ऐकलेले पोटात ठेवतो. त्या जोडप्याने शेवटी एकत्र औषध घेतले. दिवाळीनंतर बाई पुन्हा आली ती मुलाच्या खोकल्यासाठी. तिची जुनी तक्रार संपली होती.