महाराष्ट्रातील मेसोपोटेमियाविद्या

मेसोपोटेमियाविद्या किंवा असीरियाविद्या ही तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे मुख्यतः आजच्या इराकमध्ये, नांदलेल्या सुमेरी, अक्कदी, बॅबिलोनी व असीरी संस्कृतींच्या भाषा, लिपी, वाङ्मय आणि पुरावशेष यांचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा होय. महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग नाही. तथापि या विद्येच्या जन्मकाळाशी मुंबईचा निकटचा संबंध आला आणि पुढे पुणे, मुंबई व नागपूर येथील विद्वानांनी आपापल्या विषयांच्या अनुषंगाने मेसोपोटेमियाचा विचार केला. हा विचार बहुधा वेदाभ्यास, ज्योतिषाचा इतिहास किंवा पुरातत्त्व यांच्या पोटात झाला. मूळ लेख वाचू शकणाऱ्या अभ्यासकांची परंपरा मात्र येथे निर्माण झाली नाही. महाराष्ट्रात या विषयावर मांडल्या गेलेल्या अनेक सिद्धान्तांचे बळ आणि मर्यादा या एका वस्तुस्थितीशी निगडित आहेत.

मुंबई आणि बगदाद

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बगदाद व बसरा येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाती मुंबई सरकारच्या अखत्यारीत होत्या. १८०४ मध्ये मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन केली. आजची एशियाटिक सोसायटी ती हीच. मॅकिंटॉश यांच्या कन्येचा विवाह १८०८ मध्ये कंपनीच्या सेवेतील क्लॉडियस जेम्स रिच या तरुणाशी झाला आणि हे दांपत्य बगदादला गेले. रिच यांनी १८११ मध्ये बॅबिलोनच्या अवशेषांची पाहणी व मोजणी केली. त्यांचा वृत्तान्त हा त्या स्थळाचे पद्धतशीर वर्णन करणाऱ्या पहिल्या ग्रंथांपैकी एक मानला जातो. १८२१ मध्ये शिराझ येथे पटकीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी जमविलेल्या हस्तलिखितांचा व पुरावस्तूंचा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला.

कीलाकार लिपीच्या वाचनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते हेन्री रॉलिन्सन हेही १८२७ मध्ये कंपनीच्या लष्करात दाखल होऊन मुंबईस आले होते. त्याच जहाजावर मुंबईचे नियोजित गव्हर्नर सर जॉन माल्कम होते. इराणचा इतिहास लिहिणाऱ्या माल्कम यांच्या सहवासात रॉलिन्सन यांना त्या देशाची गोडी लागली. इराणमधील बेहिस्तून येथे कड्यावर कोरलेला सम्राट दारयवहू पहिला याचा लेख जुनी पर्शियन, एलामी आणि बॅबिलोनी अशा तीन भाषांत आहे. रॉलिन्सन यांनी दोरांच्या व शिड्यांच्या साहाय्याने त्याच्या नकला घेतल्या. यातील जुनी पर्शियन ही संस्कृतला जवळची असल्यामुळे ती आधी उलगडली आणि तिच्या आधारे बॅबिलोनी मजकुराकडे जाता आले. १८५७ मध्ये रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट व ओपर्ट या चौघांनी एकाच असीरी लेखाची स्वतंत्र भाषांतरे मोहोरबंद लिफाफ्यांत सादर केली. ती बऱ्याच अंशी जुळल्यावर या वाचनाला विद्वानांची मान्यता मिळाली.

याच काळात ऑस्टिन हेन्री लेयार्ड निमरूद येथे उत्खनन करीत होते. तेथील शिल्पे तराफ्यांवरून बसऱ्यास आणि तेथून मुंबईमार्गे लंडनला जात. असीरी राजा शल्मनेसर तिसरा याचा प्रसिद्ध काळा स्तंभ याच मार्गाने गेला. काही पेट्या मुंबईतच उघडल्या गेल्या, याबद्दल लेयार्ड यांनी पुढे नाराजी व्यक्त केली. निमरूदच्या राजवाड्यांतील काही उत्कीर्ण शिलापट्ट मुंबईत राहिले. ते आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. भारतात असीरी शिल्प प्रत्यक्ष पाहण्याची अशी संधी दुर्मीळ आहे. २०१७–१८ मधील ‘भारत आणि विश्व’ आणि २०२३–२४ मधील प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन या दोन उपक्रमांत या संग्रहालयाने परदेशी संग्रहालयांच्या सहकार्याने प्राचीन जगातील वस्तू भारतीय वस्तूंच्या शेजारी मांडल्या.

मुंबईतील अन्य दोन संस्थांचाही येथे निर्देश करावयास हवा. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे मुख्य क्षेत्र इराणविद्या हे आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधन संस्था काढली. सिंधू संस्कृतीचे लोक द्रविड भाषिक होते आणि त्यांच्यापासून सुमेरपर्यंत संस्कृतीचा प्रसार झाला, असे हेरास यांचे मत होते. ते आज सामान्यतः स्वीकारले जात नाही.

टिळकांचा निबंध

रा. गो. भांडारकर यांच्या गौरवार्थ १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहात लोकमान्य टिळकांचा खाल्डियन व भारतीय वेदांवरील इंग्रजी निबंध आहे. मराठी विद्वानाने मेसोपोटेमियावर केलेल्या लेखनात हा सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील सर्पविष उतरविण्याच्या तेराव्या सूक्तात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे काही शब्द येतात. संस्कृत धातूंवरून त्यांची समाधानकारक व्युत्पत्ती लागत नाही. टिळकांनी तैमात या शब्दाचा संबंध बॅबिलोनी सृष्ट्युत्पत्तिकथेतील तिआमत या समुद्ररूपी आदिदेवतेशी जोडला. उरुगूला या शब्दात त्यांना ‘मोठे नगर’, म्हणजे पाताळ, या अर्थाचा मेसोपोटेमियातील शब्द दिसला. वैदिक आणि खाल्डियन लोकांत प्राचीन काळी देवाणघेवाण झाली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निबंध ज्या वर्षी निघाला तेव्हा सिंधू संस्कृतीचा शोध जाहीर व्हावयाचा होता. तो १९२४ मध्ये झाला. भारत आणि मेसोपोटेमिया यांच्यात संपर्क असावा हे अनुमान टिळकांनी केवळ शब्दांवरून केले, ही त्याची थोरवी आहे. त्याची अडचणही तेथेच आहे. तिआमत हे नाव समुद्र या अर्थाच्या अक्कदी शब्दाचे रूप असून तो शब्द काळानुसार आक्रसत गेला. तेव्हा अथर्ववेदातील रूप कोणत्या काळातील उच्चाराशी जुळते, ते कोणत्या मार्गाने आले आणि सापाच्या नावापर्यंत अर्थ कसा सरकला, या प्रश्नांची उत्तरे अक्कदी जाणणाऱ्यालाच देता येतील. टिळकांना त्या काळी उपलब्ध असलेल्या इंग्रजी ग्रंथांवर विसंबावे लागले. त्यांच्यानंतर हा निबंध महाराष्ट्रात वारंवार उद्धृत झाला. त्याची तपासणी मात्र मुख्यतः बाहेरच झाली.

मालती शेंडगे यांनी हा धागा वेगळ्या रीतीने पुढे नेला. ‘द सिव्हिलाइज्ड डेमन्स’ (१९७७) या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदातील असुरांचा संबंध हडप्पा लोकांशी जोडला आणि १९९७ च्या ग्रंथात हडप्पांची भाषा अक्कदी असल्याचे प्रतिपादन केले. सिंधू लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नसल्याने हे मत सिद्ध झालेले नाही.

मराठी ग्रंथांतील मेसोपोटेमिया

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी नागपूर येथे हाती घेतलेल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांपैकी तिसरा ‘बुद्धपूर्व जग’ हा आहे. भारताचा प्राचीन इतिहास जगाच्या इतिहासात बसवून दाखविण्याची दृष्टी त्यात दिसते. त्याआधी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात वार आणि मेषादी राशी यांच्या उगमाची चर्चा केली होती. वर्तुळाचे ३६० अंश आणि तासाची ६० मिनिटे ही बॅबिलोनी षष्टिमान गणनपद्धतीची देणगी असल्याने मेसोपोटेमियाचा वारसा शाळकरी मुलाच्या कंपासपेटीपर्यंत पोहोचला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी उर्वशी-पुरूरवा कथेचा अर्थ लावताना इश्तर या देवतेच्या उपासनेची तुलना केली.

पुरातत्त्वाची वाट

सुमारे इ.स.पू. २३०० मधील अक्कदचा राजा सारगोन याच्या लेखात मेलुहा, मगान व दिल्मुन येथील जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असा उल्लेख आहे. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका अक्कदी मुद्रेचा धनी मेलुहाच्या भाषेचा दुभाषा होता. उर येथील राजदफनांत सिंधू पद्धतीचे नक्षीदार अकीक मणी मिळाले आहेत.

या व्यापाराचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी केला. ह. धी. सांकलिया यांनी मध्य प्रदेशातील नावडातोली येथील ताम्रपाषाणयुगीन खापरांची तुलना पश्चिम आशियातील खापरांशी केली. म. के. ढवळीकर (१९३०–२०१८) यांनी गुजरातमधील कुंतासी हे हडप्पा काळातील बंदर उत्खनित केले. मेसोपोटेमियाशी होणारा सागरी व्यापार मंदावल्याचा हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासाशी संबंध आहे, असे त्यांचे मत होते.

हेच ढवळीकर त्यापूर्वी वर्धा जिल्ह्यात काम करून गेले होते. धाम नदीच्या काठावरील पवनार येथे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने केलेले उत्खनन शां. भा. देव आणि ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले होते. पवनारचा मेसोपोटेमियाशी काही संबंध नाही. परंतु थरांचा क्रम लावणे आणि खापरांवरून काळ ठरविणे या ज्या पद्धतींवर उर व निनेवेचा इतिहास उभा आहे, त्यांचे प्रत्यक्ष रूप वर्ध्याच्या विद्यार्थ्याला घराजवळ दाखविणारे हे स्थळ आहे.

जागतिक केंद्रे आणि आजची साधने

जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९१९ मध्ये शिकागो विद्यापीठात स्थापन केलेली ओरिएंटल इन्स्टिट्यूट ही या विषयातील अग्रगण्य संस्था असून २०२३ पासून तिचे नाव बदलून ‘प्राचीन संस्कृती अध्ययन संस्था’ या अर्थाचे करण्यात आले आहे. तेथील असीरी शब्दकोशाचे काम १९२१ मध्ये सुरू होऊन सुमारे नव्वद वर्षांनी पुरे झाले. डेक्कन कॉलेजचा १९४८ मध्ये आरंभलेला संस्कृत महाकोश ज्यांना संथ वाटतो, त्यांनी ही तुलना लक्षात घ्यावी. लंडनचे ब्रिटिश म्युझियम, फिलाडेल्फियाचे पेन म्युझियम आणि बगदादचे इराक संग्रहालय येथे मूळ मृत्तिकाफलकांचे मोठे संग्रह आहेत. एप्रिल २००३ मध्ये युद्धकाळात इराक संग्रहालयाची लूट झाली आणि हजारो वस्तू नाहीशा झाल्या. त्यांपैकी काहीच परत मिळाल्या आहेत.

शिकागोचा शब्दकोश आता महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. लाखो मृत्तिकाफलकांची नोंद व अनेकांची छायाचित्रे ‘क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पाने खुली केली आहेत. त्यामुळे अथर्ववेदातील त्या शब्दांची तपासणी करू इच्छिणाऱ्या संस्कृतच्या विद्यार्थ्याला ग्रंथ मिळविण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अक्कदी शिकविणारा शिक्षक मात्र त्याला अजूनही बहुधा परदेशातच शोधावा लागतो.