विश्लेषण : बाळंतपणाच्या दवाखान्याचा दर्जा कोण ठरवते? डॉक्टरांची संघटना आपल्याच सदस्यांना नापास करू शकते?

ब्रह्मपुरी हे तालुक्याचे गाव असले तरी उपचारांसाठी तिथे येणारी माणसे एका तालुक्यातली नाहीत. वैनगंगेपलीकडून देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, तर अलीकडून नागभीड, सिंदेवाही या भागांतले रुग्ण येथील खासगी रुग्णालयांत येतात. बाळंतपणासाठी बाईला दाखल करताना नातेवाईक डॉक्टरांचे नाव पाहतात, खर्च विचारतात. आतल्या सेवेच्या दर्जाबद्दल मात्र बोलणे होत नाही. तो ठरवणारी मानके बऱ्याचदा डॉक्टरांच्याच सदस्य संघटना तयार करतात. या संघटना चालतात कशा आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर किती विसंबावे?

नोंदणी म्हणजे दर्जाची हमी का?

नाही. राज्यात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. नोंदणीमुळे रुग्णालय चालवण्याची परवानगी मिळते. प्रसूतीनंतर बाईचा रक्तस्राव कोणी, किती वेळा तपासला, हे नोंदणीवरून कळत नाही.

त्यासाठी वेगळ्या व्यवस्था आहेत. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत. सरकारी प्रसूतिकक्षांसाठी केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आणला. मोठी खासगी रुग्णालये भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘एनएबीएच’ या मंडळाचे मानांकन घेतात. लहान खासगी प्रसूतिगृहांसाठी ‘मान्यता’ हे प्रमाणपत्र आहे. ते देते स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ‘फॉग्सी’.

‘फॉग्सी’ची रचना कशी आहे?

‘फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅकॉलॉजिकल सोसायटीज ऑफ इंडिया’ हे तिचे पूर्ण नाव. स्थापना १९५० मधली, मुख्यालय मुंबईत. नावाप्रमाणेच हा संस्थांचा महासंघ आहे. डॉक्टर आपल्या शहरातल्या किंवा जिल्ह्यातल्या संस्थेचे सदस्य होतात आणि त्या संस्था महासंघाच्या घटक असतात. अशा घटक संस्था आज अडीचशेहून अधिक आहेत.

अशा संघटनेला सदस्यांवर सक्ती करता येत नाही. ती सरकार नाही. परवाना रद्द करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. तिची खरी ताकद प्रतिष्ठेत असते. शिवाय ‘फॉग्सी’चे अध्यक्ष दरवर्षी बदलतात. दर्जाचे काम एका वर्षात होत नाही. त्यामुळे कायमचे कार्यालय, प्रशिक्षित मूल्यमापक आणि दरवर्षी न बदलणारे नियम लागतात. ‘मान्यता’ची उभारणीही ‘झपायगो’ ही आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था, मॅकआर्थर फाउंडेशन आणि ‘एमएसडी फॉर मदर्स’ यांच्या साहाय्याने झाली. पुढे महाराष्ट्र शासनाने ‘फॉग्सी’सोबत खासगी प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य-मान्यता’ हा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला.

१६ मानकांत आहे तरी काय?

‘मान्यता’ची मानके १६ आहेत. त्यांत संगमरवरी फरशी किंवा वातानुकूलित खोली नाही. गरोदरपणातल्या धोक्यांची तपासणी, दाखल होताना पूर्ण तपासणी, कळांच्या प्रगतीवर लक्ष, स्वच्छ प्रसूती, जंतुसंसर्ग टाळणे आणि घरी जाताना आई-बाळाची काळजी समजावून सांगणे, अशी ही यादी आहे.

काही मानके थेट जिवाशी निगडित आहेत. बाळ बाहेर येताच गर्भाशय आकसण्याचे औषध देऊन वार नीट पडेल असे पाहणे हे एक. अतिरक्तस्राव ओळखून लगेच उपचार करणे हे दुसरे. रक्तदाब वाढून येणारे झटके सांभाळणे हे तिसरे. बाळ रडले नाही तर त्याला श्वास देण्याची तयारी हे चौथे. नागपूर इथून सुमारे सव्वाशे किलोमीटर. जंगलपट्ट्यातल्या रस्त्यावरून रात्री रुग्ण पुढे हलवायचा तर पहिल्या तासाभरात प्रसूतिकक्षात काय केले गेले, यावर सारे अवलंबून असते.

आणखी दोन मानके लक्षात ठेवण्यासारखी आहेत. बाईला सन्मानाने वागवणे हे एक. सिझेरियन शस्त्रक्रियांचा ठरावीक काळाने आढावा घेणे हे दुसरे.

लहान रुग्णालयाला जड काय जाते?

औषधे आणि उपकरणे विकत आणता येतात. माणसे टिकवणे कठीण. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर चांगली नोकरी मिळाली की जाते आणि नव्या मुलीला पहिल्यापासून शिकवावे लागते. दुसरी अडचण नोंदींची. दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयात डॉक्टर स्वतःच मालक, व्यवस्थापक आणि रात्रपाळीचे वैद्यकीय अधिकारी असतात. कळांचा आलेख भरणे त्यांना कागदी काम वाटू शकते. पण ती नोंद नसेल तर चूक कुठे झाली हे नंतर शोधता येत नाही.

मानक पाळायला मोठी इमारतच लागते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या महिलांना नवजात बाळाच्या काळजीचे ठरावीक टप्पे शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्या ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. ठरलेली कृती, सराव आणि देखरेख यांचा हा परिणाम होता.

सदस्यच परीक्षार्थी असतील तर?

हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या सदस्य संघटनेने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रुग्णालयांसाठी किमान मानके ठरवली. शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली, तेव्हा फक्त ८९ उत्तीर्ण झाली. नापास झालेल्यांत नामवंत रुग्णालयेही होती. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात संघटनेने आकडा जाहीर केला, पण नावांची यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून तिथल्याच भट्टीत जाळली.

यादी जळाली, तपासणी मात्र थांबली नाही. पुढच्या तीन दशकांत मानके पूर्ण करणाऱ्या रुग्णालयांची संख्या तीन हजारांवर गेली आणि १९५१ मध्ये हे काम अनेक संघटनांनी मिळून स्थापलेल्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवले गेले. सदस्यांना दुखवायचे नाही म्हणून नावे लपवायची, की रुग्णांना खरे सांगायचे, हा पेच आजही प्रत्येक अशा संघटनेपुढे आहे.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, सदस्यत्व आणि प्रमाणपत्र वेगळे आहे का? वर्गणी भरली की प्रमाणपत्र मिळत असेल तर त्याला किंमत नाही. दुसरी, तपासणारा बाहेरचा आहे का? त्याच गावातला सहकारी तपासू लागला तर भीड आड येते. तिसरी, मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होते का? चौथी, यादी लोकांना पाहता येते का? ‘एनएबीएच’ची मानांकित रुग्णालयांची यादी संकेतस्थळावर खुली आहे. मानके ठरवणाऱ्यांनाही तपासले जाते. ‘इस्क्वा’ या आरोग्य गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय सदस्य संघटनेने मानांकन संस्थांना तपासण्याचे काम सदस्यत्वापासून वेगळे काढून स्वतंत्र संस्थेकडे दिले आहे.

रुग्णाच्या घरच्यांनी काय विचारावे?

आठव्या महिन्यातच एकदा रुग्णालयात जाऊन यावे. प्रमाणपत्र असेल तर त्यावरची मुदतीची तारीख पाहावी. नसेल तरी पुढचे प्रश्न विचारता येतात. रात्री प्रसूतिकक्षात कोण असते? रक्त लागले तर कुठून येईल, किती वेळ लागेल? बाळ रडले नाही तर ते कोण सांभाळेल? पुढे पाठवायची वेळ आली तर कुठे आणि कोणत्या गाडीने? कळा सुरू असताना सोबत एक बाई थांबू देतात का?

प्रमाणपत्र नसलेले प्रत्येक रुग्णालय वाईट नसते. ‘मान्यता’ घेणे ऐच्छिक आहे. पण या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळायला हवीत. रुग्णाचे लोक विचारू लागले तर प्रमाणपत्र घेणाऱ्या डॉक्टरला त्याचा उपयोग दिसेल आणि संघटनेलाही आपल्या सदस्यांकडे कडक नजरेने पाहावे लागेल.