कॅपखालचा दात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे हे गाव आता चाकण एमआयडीसीमुळेच ओळखलं जातं. बजाज ऑटोचा कारखाना इथे आहे, भोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि मराठवाडा-विदर्भातून, थेट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसं इथे तीन शिफ्टमध्ये राबतात. इथल्या माणसाची दाढ दुखू लागली की आधी मेडिकलमधली गोळी, मग लवंग आणि अगदीच झोप उडाली की दवाखाना. रूट कॅनॉल होतं, ठणका थांबतो. डॉक्टर सांगतात, ‘आता यावर कॅप बसवून घ्या.’ आणि पेशंट पुन्हा फिरकत नाही. कंत्राटी कामगाराला एक खाडा म्हणजे एका दिवसाची कमाई. जी दाढ आता दुखतच नाही, तिच्यासाठी ती कशाला घालवायची?

‘दुखणं थांबलं म्हणजे दात बरा झाला’ हा या विषयातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. रूट कॅनॉलमध्ये डॉक्टर दातातली सडलेली नस काढतात, मुळांतल्या नळ्या साफ करून भरतात. त्याने संसर्ग जातो, वेदना जाते. पण किडीने पोखरलेल्या दाढेच्या उरलेल्या भिंती होत्या तितक्याच कमकुवत राहतात आणि चावण्याचा सगळा भार त्यांच्यावर येतो; दातावर टोपणासारखी बसणारी कॅप त्यांना चारही बाजूंनी धरून ठेवते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील अ‍ॅक्विलिनो आणि कॅप्लन यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रूट कॅनॉलनंतर कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्या दातांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेल्याचं त्यात दिसलं. भाकरीचा कडक पापुद्रा किंवा शेंगदाण्यासोबत आलेला खडा दाताखाली आला तरी अशी दाढ उभी चिरू शकते. चीर मुळापर्यंत गेली तर बहुतेक वेळा दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही. रूट कॅनॉलचे पैसे, वेळ आणि सोसलेला त्रास, सगळं वाया.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच पक्का आहे : ‘नस काढली की दात मरतो, वाळतो, ठिसूळ होतो, म्हणून प्रत्येक रूट कॅनॉलवर कॅप हवीच.’ यातलं ‘वाळून ठिसूळ होतो’ हे बरोबर नाही. १९८९ मध्ये रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी काढलेल्या दातांवर प्रयोग करून दाताचा ताठपणा नेमका कशाने कमी होतो ते मोजलं. रूट कॅनॉलसाठी पाडलेल्या छिद्राने तो केवळ ५ टक्क्यांच्या आसपास घटला. मात्र दाताच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कडा कापल्या गेल्या तेव्हा तो ६३ टक्क्यांनी घटला. म्हणजे दात दुबळा होतो तो भिंती गेल्यामुळे. त्यामुळे मार लागून नस मेलेल्या, पण बाकी शाबूत असलेल्या पुढच्या दाताला बऱ्याचदा साधं फिलिंग पुरतं. दाढा आणि उपदाढांचं तसं नाही, त्यांना सहसा कॅप लागतेच. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : माझ्या दाताचा मूळ भाग किती शिल्लक आहे?

कॅपसाठी दात चारही बाजूंनी आणि वरून साधारण एक ते दोन मिलिमीटर घासावा लागतो आणि घासलेला भाग पुन्हा कधीच येत नाही. मोडकळीला आलेल्या दाढेसाठी हा सौदा फायद्याचा आहे. लग्नाच्या फोटोंसाठी पुढचे धडधाकट दात घासून चार-सहा कॅप एकदम बसवून घेणं मात्र सरळ नुकसानीचं आहे. जिवंत दात इतका घासला की पुढे त्याची नस दुखावून रूट कॅनॉलची वेळ येऊ शकते. दात वाकडे म्हणून कॅप हवी असेल, तर ते तारांनी सरळ होतात. वेळ लागतो, पण दात शाबूत राहतो.

‘महाग तीच चांगली’ हे चाकण पट्ट्यातल्या कामगाराला तरी पटू नये, कारण कॅप कशी बनते हे त्याला लगेच कळेल. झिर्कोनियाची कॅप दाबलेल्या पांढऱ्या चकतीतून संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर कोरतात. ती मुद्दाम सुमारे वीस-पंचवीस टक्के मोठी कोरली जाते, कारण नंतर भट्टीत १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवताना ती आक्रसते आणि नेमक्या मापावर येते. ही कॅप मजबूत असते आणि तिला दातासारखा रंग देता येतो. आत धातू आणि वर सिरॅमिक अशी कॅप स्वस्त पडते; तिच्यावरचा सिरॅमिकचा टवका कधीकधी उडतो. पूर्ण धातूची कॅप दिसायला बरी नाही, पण तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. मागच्या, न दिसणाऱ्या दाढेला ती वर्षानुवर्षं उत्तम काम देते. पैसे कमी असतील तर धातूची कॅप घ्यावी, बिनकॅपची दाढ ठेवू नये. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या अंगावर पुरळ येतं त्यांनी हे आधी सांगावं, कारण स्वस्त मिश्रधातूंत बरेचदा निकेल असतं.

धातूच्या कॅपमुळे पुढे एमआरआय करता येत नाही, अशीही भीती असते. नेहमीच्या कॅपमुळे एमआरआय अडत नाही. तोंडाजवळची प्रतिमा धूसर येऊ शकते, म्हणून तपासणीआधी तंत्रज्ञाला कल्पना द्यावी.

नवी कॅप ‘जरा उंच लागतेय, होईल सवय’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. तसं करू नये. बधिरता उतरल्यावर, जेवताना आधी तीच दाढ टेकत असेल तर परत जावं. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, जिथे ठिपका उमटतो तिथे किंचित घासतात. काम काही मिनिटांचं आहे. अंगावर काढलं तर दाढ ठणकते आणि कधी कॅपच फुटते.

आता खरा मुद्दा. ‘कॅप घातलेल्या दाताला कीड लागत नाही.’ झिर्कोनियाला किंवा धातूला लागत नाही हे खरं. पण कॅप जिथे संपते तिथे, हिरडीलगत, तुमचा स्वतःचा दात सुरू होतो. त्या सांध्याशी अन्न साचलं की कीड तिथून आत शिरते. नस आधीच काढलेली असल्याने दात दुखून सावध करत नाही. एके दिवशी कॅप आतल्या खुंटासकट हातात येते. २०१५ मध्ये सेलर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा धातू-सिरॅमिकच्या सुमारे ९५ टक्के कॅप पाच वर्षांनंतरही टिकून होत्या. पुढची वर्षं किती, हे बरंचसं त्या सांध्याच्या सफाईवर ठरतं.

सफाई म्हणजे दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने मऊ ब्रश, तोही हिरडीच्या रेषेवर, आणि दिवसातून एकदा दोन दातांमध्ये फ्लॉस किंवा बारीक ब्रश. नाईट शिफ्टवाल्याची ‘झोपण्यापूर्वीची’ वेळ सकाळची असते. घरी येऊन चहा-बिस्कीट खाऊन तसंच आडवं होणं दातांना फार बाधतं.

आणि मिश्री. ‘मिश्रीने दात घट्ट होतात’ असं घराघरात सांगितलं जातं. प्रत्यक्षात मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती रोज घासल्याने हिरडी खाली सरकते, मुळाचा मऊ भाग उघडा पडतो आणि कॅपचा सांधाही. कर्करोगाचा धोका वेगळाच. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. त्यांतल्या ज्यांच्या दातावर कॅप आहे, त्यांची कॅप धोक्यात आहे. सुपारी फोडायला तर कॅपची दाढ कधीच वापरू नये.

झिर्कोनियासोबत मिळणारं दहा-पंधरा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड सहसा कॅपच्या साहित्यापुरतं असतं. खालच्या दाताला कीड लागली तर ते कामी येत नाही.

कॅप निघाली तर फेविक्विकने चिकटवू नये. तो गोंद तोंडासाठी नाही आणि वाकडी बसलेली कॅप काढताना दातच तुटू शकतो. धुऊन डबीत ठेवावी आणि दोन-चार दिवसांत दवाखाना गाठावा. उशीर झाला तर शेजारचे दात सरकून तीच कॅप बसेनाशी होते. गिळली गेली तर बहुधा शौचावाटे निघून जाते. मात्र ठसका थांबत नसेल, धाप लागत असेल तर थेट रुग्णालयात जावं.

बाजारात बसून ‘तासाभरात दात’ देणाऱ्यांकडे जाऊ नये. कायद्याप्रमाणे दंतवैद्याची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोचण्यासारखं काही नाही. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे, महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयातही दंत विभाग आहे. तिथे आधी चौकशी करावी. दंत महाविद्यालयात शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होतं. खेपा जास्त पडतात, पण खर्च सहसा कमी येतो. रूट कॅनॉलला होकार देतानाच कॅपचा खर्च आणि तारीख विचारून घ्या, आणि त्या दिवसाची रजा आधीच सुपरवायझरला सांगून ठेवा.