निरोगी जनावर, पण घातक जंतू

गुरांच्या आतड्यांत असंख्य जंतू असतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असून कित्येक चारा पचविण्यास साहाय्य करतात. ‘ई. कोलाय ओ१५७’ हा जंतू मात्र घातक आहे. तो शरीरात असूनही जनावर आजारी पडत नाही. ते नीट खाते, रवंथ करते व दूधही देते. त्यामुळे केवळ पाहून जंतुवाहक जनावर ओळखता येत नाही. शेळ्यामेंढ्याही या जंतूच्या वाहक असू शकतात.

माणसाच्या पोटात असे थोडे जंतू गेले तरी पोटात तीव्र कळा येऊन रक्ती हगवण लागते. लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होण्याचाही धोका असतो. अमेरिकेत १९८२ साली या रोगाचा उलगडा झाला. तेथेच १९९३ साली गोमांसाच्या अर्धकच्च्या खिम्यामुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले व चार बालके दगावली. तेव्हा १९९४ साली तेथील शासनाने हा जंतू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरविला.

जंतू शेणावाटे बाहेर पडतो व कातड्यास चिकटतो. कातडे सोलताना किंवा आतडे फाटल्यास तो मांसावर येतो. अखंड तुकड्यात तो पृष्ठभागावरच राहतो. खिमा करताना मात्र आतपर्यंत मिसळतो. थंडीने त्याची वाढ थांबते, पण तो मरत नाही.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. गोठा कोरडा ठेवावा. शेणाने माखलेले जनावर कत्तलीस पाठवू नये.

२. धारेपूर्वी हात व कास धुवावी. दूध उकळूनच प्यावे.

३. खिमा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस तापेपर्यंत शिजवावा. कच्च्या मांसाची सुरी व पाट धुतल्यावाचून इतर अन्नास लावू नयेत.

४. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ताजे शेण घालू नये. खताचा ढीग वरचेवर परतून चांगला तापू द्यावा व खत पूर्ण कुजल्यावरच वापरावे.

५. शेणात काम केल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांनाही तीच सवय लावावी.

रक्ती हगवण दिसताच रोग्यास, विशेषतः बालकास, विनाविलंब दवाखान्यात न्यावे. स्वतःच्या मनाने जंतुनाशक गोळ्या देऊ नयेत. या रोगात त्यांनी अपाय होऊ शकतो. ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी, विशेषतः धार काढणाऱ्या व स्वयंपाक करणाऱ्या मंडळींपर्यंत, पोहोचवावी.