धर्मशास्त्र आणि मानसोपचार : थोडक्यात

• धर्मशास्त्र (ख्रिस्ती) : ईश्वर, पाप, क्षमा, तारण यांचा श्रद्धेच्या चौकटीतला अभ्यास.

• मानसशास्त्र : मन आणि वर्तनाचा निरीक्षण व प्रयोगांवर आधारलेला अभ्यास.

• फरक : कन्फेशन (पापांची कबुली) ऐकणारा धर्मगुरू पापक्षमा देतो. थेरपिस्ट अपराधभावनेचे मूळ शोधतो. क्षमा देणे त्याच्या कामात बसत नाही.

• १९२५ : अमेरिकेतील वूस्टरच्या मनोरुग्णालयात पाद्री अँटन बॉइसेन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देणे सुरू केले. बॉइसेन पूर्वी स्वतः मनोरुग्ण म्हणून उपचार घेऊन आले होते.

• १९२७ : फ्रॉइड यांनी धर्माला भ्रम ठरवले. त्यांचे मित्र, झुरिकचे पाद्री व मनोविश्लेषक ऑस्कर फिस्टर यांनी १९२८ मध्ये लेखी उत्तर दिले.

• १९९४ : मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत (‘डीएसएम-४’) ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही स्वतंत्र नोंद. तिची गणना मानसिक विकारांत नाही.